रंगीत पाटीवर मराठी नावं: एफएफएमपेगमध्ये आधी अक्षर, मग रंग

तुमची अडचण थोडक्यात अशी. शाळेच्या बक्षीस समारंभाच्या व्हिडिओसाठी १४० मुलांच्या नावांच्या पाट्या हव्या आहेत. इयत्तेप्रमाणे पाटीचा रंग वेगळा, त्यावर नाव, प्रत्येक पाटी चार सेकंद. एडिटरमध्ये एकेक पाटी हाताने करण्यापेक्षा तुम्ही एफएफएमपेगची (टाइप केलेल्या आज्ञांवर व्हिडिओ घडवणाऱ्या मोफत प्रोग्रॅमची) स्क्रिप्ट लिहिलीत, हे चांगलंच केलंत. पण 'विकास'चा 'वकिास' होतो, 'प्रकाश'मधला र सुटून 'प्‌रकाश' दिसतो, भगव्या पाटीवरचं पांढरं नाव फोनवर वाचता येत नाही, आणि एका पाटीवरून दुसरीवर जाताना नाव किंचित वरखाली हलतं.

या चारही गोष्टी मी भोगलेल्या आहेत. उत्तर लांबणार आहे, कारण या अडचणी दिसायला वेगवेगळ्या असल्या तरी एकाच क्रमाने सुटतात: आधी अक्षर, मग रंग, हालचाल सगळ्यात शेवटी. आज्ञा जशीच्या तशी लिहून देत नाही. अवतरणचिन्हांचे नियम विंडोज, मॅक आणि लिनक्सच्या शेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) वेगळे असतात आणि चिकटवलेली आज्ञा तिथेच अडते. पर्यायांची नावं देतो, ती तुमच्या स्क्रिप्टमध्ये बसवा.

पहिली गोष्ट अक्षरांची. देवनागरी ही टंकाची चित्रं एकापुढे एक मांडून होणारी लिपी नाही. 'वि' साठवताना आधी व आणि मग वेलांटी असा क्रम असतो, दाखवताना वेलांटी आधी यावी लागते. 'र्ष'मधला र साठवणीत पहिला, पण दिसताना डोक्यावर रफार होऊन बसतो. ही उलथापालथ करणाऱ्या कामाला शेपिंग म्हणतात आणि ते करणारी सर्वांत प्रचलित लायब्ररी म्हणजे हार्फबझ. (नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे खुलं. 'ओपनटाइप' या फॉन्टच्या प्रकाराच्या नावाचंच ते भाषांतर.) एफएफएमपेगमध्ये मजकूर उमटवणारा ड्रॉटेक्स्ट फिल्टर कित्येक वर्षं हार्फबझशिवाय चालत होता. फ्रिबिडी नावाच्या लायब्ररीमुळे त्याला अरबीची जोडणी जमायची, पण देवनागरीची नाही. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ६.१ आवृत्तीपासून ड्रॉटेक्स्ट हार्फबझवर आला आणि आपली अक्षरं जागेवर आली.

म्हणजे तुमच्याकडची आवृत्ती ६.१च्या आधीची आहे हे 'वकिास'वरूनच कळतं. व्हर्जनची आज्ञा देऊन पाहा. पहिल्या ओळीत आवृत्ती दिसेल, आणि खाली कॉन्फिगरेशनच्या लांबलचक यादीत लिबहार्फबझ आणि लिबअ‍ॅस ही दोन नावं शोधा (दुसरी सबटायटल उमटवणारी लायब्ररी, ती पुढे लागेल). नवी आवृत्ती घेताना एक सावधगिरी: ६.१पासून हार्फबझ नसेल तर ड्रॉटेक्स्ट बिल्डमध्ये (एफएफएमपेगच्या तयार करून दिलेल्या प्रतीत) येतच नाही. मग 'असा फिल्टर नाही' एवढीच तक्रार स्क्रीनवर येते आणि माणूस आपल्या आज्ञेतली चूक शोधत बसतो. चूक आज्ञेत नसते, बिल्डमध्ये असते. हार्फबझ असलेली बिल्ड घेतली की झालं.

नवी आवृत्ती बसवणं शक्य नसेल, उदाहरणार्थ शाळेच्या संगणकावर तुम्हाला अधिकार नसतील, तर लिबअ‍ॅसचा रस्ता धरा. सबटायटल्स आणि अ‍ॅस हे दोन फिल्टर लिबअ‍ॅस वापरतात, आणि लिबअ‍ॅसमध्ये हार्फबझ कितीतरी आधीपासून आहे. नाव सबटायटलच्या फाइलमध्ये लिहायचं आणि ते रंगीत पाटीवर उमटवायचं. जुन्या एफएफएमपेगवर मी वर्षानुवर्षं हेच केलं.

फॉन्टचं नाव न देता त्याच्या फाइलचा पत्ता द्या. नाव दिलं आणि त्या मशीनवर तो फॉन्ट नसला, तर दुसराच कुठला तरी गुपचूप येतो आणि मग चौकोन दिसतात. मी फॉन्टची फाइल कामाच्या फोल्डरमध्येच आणून ठेवतो. विंडोजवर याचा आणखी एक फायदा होतो: ड्राइव्हच्या अक्षरापुढचा कोलन एफएफएमपेगला पर्याय तोडणारं चिन्ह वाटतो. फाइल शेजारीच असली की तो कोलन लिहावाच लागत नाही. नोटो सॅन्स देवनागरी, मुक्त, हिंद, बालू हे सगळे मोफत मिळतात. मुलांच्या पाट्यांसाठी मी 'मुक्त' हा फॉन्ट घेईन. त्याच्या जाड वजनात रेषा भरीव असतात, आणि ते रंगाच्या बाबतीत का कामाचं आहे ते पुढे येईलच. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल (माझ्या डोळ्यांना तोच हवा असतो), तर तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट खास मराठीसाठी केलेला आहे. त्याचं वळण पुस्तकी आहे, ते मोठ्या शीर्षकाला शोभतं.

नावांची यादी शाळेच्या कार्यालयातून आली असेल तर ती युनिकोडमध्ये आहे ना, हे आधी बघा. जुन्या टंकांत टाइप केलेला मजकूर कागदावर उत्तम मराठी दिसतो, पण साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांची खिचडी होते. तो आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि १४० नावं डोळ्यांनी वाचा. इथे कंटाळा करू नका.

मजकूर आज्ञेत लिहूच नका. ड्रॉटेक्स्टचा टेक्स्टफाइल हा पर्याय वापरा, फाइल यूटीएफ-८ असू द्या, शेवटी रिकामी ओळ ठेवू नका. आज्ञेतल्या मजकुराला आधी शेल वाचतं, मग फिल्टरची साखळी, मग ड्रॉटेक्स्ट स्वतः. कोलन, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह यांना तीनही दारांवर अडवलं जातं. फाइलला हा जाच नाही. एक अपवाद टक्क्याच्या चिन्हाचा. ड्रॉटेक्स्टला ते विशेष सूचना वाटते, म्हणून '९२% गुण' असं काही लिहायचं असेल तर एक्स्पान्शन हा पर्याय 'नन' करून टाका.

आता एक अक्षर जवळून दाखवतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' जेवायला बोलावणं वेगळं आणि 'आचाऱ्यांना' बोलावणं वेगळं. हा अर्धा र, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा आडवा काढतो, दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात र, हलन्त (पाय मोडल्याची खूण) आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. दुसऱ्या प्रकारात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. पहिल्या प्रकारातलं न दिसणारं चिन्ह यादी साफ करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये सहज पुसलं जातं, आणि गोऱ्हे, कऱ्हाडे, वऱ्हाडे अशा आडनावांचा सरळ रफार होतो. म्हणून यादीत सगळीकडे ऱ हेच अक्षर वापरा. तुमच्या १४० नावांत अशी पाचसात आडनावं नक्की निघतील.

काही वर्षांपूर्वी एका शोकसभेसाठी मी पाट्या केल्या होत्या. माझ्या संगणकावर तपासल्या होत्या, पण सभागृहातल्या मशीनवर आयत्या वेळी पुन्हा रेंडर कराव्या लागल्या आणि तिथे जुनी आवृत्ती होती. गेलेल्या माणसाचं नाव ऱ्हस्व वेलांटीने सुरू होणारं. ते मोडून पडद्यावर आलं तेव्हा त्यांच्या पत्नी पहिल्या रांगेत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी अंतिम फाइल घेऊनच जातो, तिथे रेंडर करत नाही. आणि कुठल्याही नव्या मशीनवर पहिली चाचणी एकाच फ्रेमची करतो: फ्रेम्सची संख्या १ देऊन पीएनजी चित्र काढायचं आणि त्यावर ही शब्दांची ओळ उमटवायची: विद्यार्थ्यांच्या, दऱ्याखोऱ्या, ज्ञानेश्वर, कृष्ण, हृदय, स्त्री, वाङ्मय, कीर्ती. ही आठ जण नीट आली की बाकीची येतात.

रंगाकडे येऊ. पाटीसाठी कलर हा स्रोत वापरा. त्याला रंग, आकार, फ्रेम दर आणि कालावधी हे चारही स्पष्ट द्या. आकार दिला नाही तर ३२० बाय २४०ची चिमुकली पाटी मिळते, कालावधी दिला नाही तर ती संपतच नाही. ड्रॉटेक्स्टचा स्वतःचा मूळ रंग काळा आणि मूळ आकार १६ आहे. 'मजकूर दिसतच नाही' म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण काळ्या पाटीवर बारीक काळी अक्षरं शोधत असतात.

भगव्यावर पांढरं का वाचता येत नाही? वेबसाठी जे वाचनीयतेचे निकष आहेत त्यांत दोन रंगांच्या उजेडाचं गुणोत्तर काढतात. साध्या मजकुराला किमान ४.५, मोठ्या अक्षरांना ३. लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१ हा भगवा घेतला, तर त्यावर पांढऱ्याचं गुणोत्तर येतं सुमारे २.१. काळ्याचं येतं जवळपास ९.९. शुद्ध लालवर पांढरं ४, पिवळ्यावर लाल ३.७, आणि निळ्यावर लाल फक्त २.१. लाल १२८ आणि बाकी शून्य असा कुंकवाच्या जवळचा गडद रंग घेतला तर त्यावर पांढरं अकराच्या आसपास जातं. म्हणून भगवी पाटी ठेवायची असेल तर नाव काळ्यात किंवा फार गडद तपकिरीत लिहा. पांढरंच हवं असेल तर पाटी कुंकवाची करा. भगव्यावर पांढऱ्याला काळी किनार देऊन वेळ मारून नेता येते, ड्रॉटेक्स्टमध्ये बॉर्डरडब्ल्यूने ती मिळते, पण जोडाक्षरांतल्या बारीक फटी किनारीने भरून जातात. 'ष्ट्य' हा काळा गोळा होतो. मला ते पटत नाही.

व्हिडिओत हे वेबपेक्षा कडक घ्यावं लागतं, आणि कारण तांत्रिक आहे. फोनवर चालणाऱ्या बहुतेक फाइलींत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला असते, पण रंगाची माहिती चार पिक्सेलना मिळून एक. १९२० बाय १०८०च्या चित्रात रंगाचा नकाशा ९६० बाय ५४०चाच असतो. दोन रंगांचा उजेड सारखा आणि फरक फक्त रंगाचा असेल, तर अक्षराची कड या अर्ध्या नकाशावर पडते आणि फुटते. लग्नाच्या व्हिडिओत हिरव्यावर लाल नावं जी थरथरल्यासारखी दिसतात, त्याचं कारण हे. वेलांटीचं वळण, रफार, अनुस्वाराचं टिंब अशा बारीक गोष्टी आधी जातात. जाड वजन घ्या म्हणालो ते यासाठी.

गुणोत्तरं काढत बसायचं नसेल तर सोपी परीक्षा आहे. साखळीच्या शेवटी ह्यू फिल्टर लावून सॅच्युरेशन शून्य करा आणि एक फ्रेम काढा. पाटी करडी होईल. त्या करड्या पाटीवर नाव हाताच्या अंतरावरून वाचता आलं तर रंग चालेल. मेसेजिंग अ‍ॅपवरून पालकांच्या फोनवर पोचेपर्यंत व्हिडिओ आणखी एकदा दाबला जातो, त्यानंतरही तो टिकेल.

तुम्ही निवडलेला रंग आणि फोनवर दिसणारा रंग यांत फरक पडतो, त्याची गोष्ट निराळी. आरजीबीचे (लाल, हिरवा, निळा अशा आकड्यांत दिलेले) रंग व्हिडिओच्या रूपात बदलताना दोन कोष्टकं चालतात, बीटी ६०१ आणि बीटी ७०९. एफएफएमपेगचा रूपांतर करणारा भाग काही सांगितलं नाही तर ६०१ने बदलतो, आणि एचडी आकाराचं चित्र दिसलं की खेळवणारे बहुतेक प्लेअर ७०९ धरतात. लालमध्ये नारिंगी झाक येते, आणि हिरवा १२८ दिलेली पाटी जवळपास १०८ची दिसते, म्हणजे चांगलीच काळवंडते. उपाय: पाटी आणि मजकूर दोन्ही आरजीबीतच रंगवा (कलरनंतर लगेच फॉरमॅट फिल्टरने आरजीबी२४), आणि सगळं झाल्यावर एकदाच स्केल फिल्टरने बाहेरचं कोष्टक बीटी ७०९ सांगून रूपांतर करा. सोबत फाइलवरही कलरस्पेस, प्रायमरीज आणि ट्रान्सफर या तिन्ही जागी बीटी ७०९चा शिक्का मारा. पिक्सेल फॉरमॅट मात्र न विसरता वाययूव्ही ४२०पी (वर सांगितलेला अर्ध्या रंग-नकाशाचा) करा. आरजीबीतून सरळ एच.२६४ या व्हिडिओ-प्रकाराला गेलात तर एन्कोडर ४४४ (प्रत्येक पिक्सेलला पूर्ण रंग) निवडतो, आणि ती फाइल तुमच्या संगणकावर दिसते पण बऱ्याच फोनवर आणि टीव्हीवर चालत नाही.

वरखाली होणाऱ्या नावाचं कारण मला स्वतःला फार उशिरा कळलं. तुम्ही उभ्या मध्यासाठी पाटीच्या उंचीतून मजकुराची उंची वजा करून निम्मी करता, बरोबर? ड्रॉटेक्स्ट ही उंची त्या त्या नावातल्या अक्षरांवरून मोजतो. 'कमल'ला शिरोरेषेच्या वर काही नाही. 'कीर्ती'ला वेलांट्या आणि रफार आहेत, म्हणून शिरोरेषा खाली सरकते. 'कुसुम'ला खाली उकार आहेत, म्हणून ती वर जाते. रोमन लिपीत हे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, आपल्याकडे शिरोरेषा ही आडवी सरळ रेघच असते, त्यामुळे चार पिक्सेलची उडीही दिसते. ६.१पासून वाय-अलाइन हा पर्याय आहे. तो बेसलाइन करा आणि वायला (उभ्या जागेच्या पर्यायाला) ठरलेला आकडा द्या, १०८०च्या पाटीत समजा ५८०. मग सगळ्या नावांची शिरोरेषा एका ओळीत राहते. वर रफार येवो की खाली उकार, पाटी हलत नाही.

दोन ओळी असतील, वर नाव आणि खाली इयत्ता, तर दोन स्वतंत्र ड्रॉटेक्स्ट लावा. एकाच मजकुरात दोन ओळी घातल्या तर लाइनस्पेसिंग वाढवूनच द्या, नाहीतर वरच्या उकारात खालचा रफार अडकतो. लांब नावं आपोआप मोडत नाहीत, ड्रॉटेक्स्टला ते येतच नाही. आणि नावातल्या युनिकोड चिन्हांची संख्या मोजून आकार ठरवू नका. 'श्री' हे चार चिन्हांचं एक अक्षर आहे. सगळ्यांत रुंद दिसणारं नाव घ्या, ते बसेल असा आकार ठरवा आणि तोच १४० नावांना ठेवा. मुलांमध्ये एकाचं नाव मोठं आणि दुसऱ्याचं लहान, असं नकोच. एखाददुसरं नाव फारच लांब असेल तर तेवढं दोन ओळींत घ्या.

पाटीऐवजी चालत्या दृश्यावर नाव टाकायचं असेल, तर मागे रंगाची पट्टी हवी. ड्रॉटेक्स्टचा बॉक्स मजकुराएवढाच होतो, त्यामुळे प्रत्येक नावाला वेगळ्या रुंदीचा. ६.१पासून बॉक्सडब्ल्यूने रुंदी ठरवता येते. मला पूर्ण रुंदीची पट्टी जास्त आवडते. ड्रॉबॉक्स फिल्टर आधी, भरीव, काळा रंग ०.५५ अपारदर्शक, मग त्यावर ड्रॉटेक्स्ट. लिबअ‍ॅसच्या मार्गाने गेलात तर बॉर्डरस्टाइल ३मध्ये प्रत्येक ओळीला आपापली पेटी मिळते आणि अर्धपारदर्शक पेट्या जिथे एकमेकींवर चढतात तिथे गडद पट्टा दिसतो. ४ केलं की सगळ्या ओळींना मिळून एक पेटी येते. तिथल्या रंगांचा क्रमही उलटा आहे: आधी पारदर्शकता, मग निळा, हिरवा, लाल, आणि पारदर्शकतेत शून्य म्हणजे पूर्ण भरीव. भगव्याच्या जागी निळा आला तर हेच झालंय असं समजा.

हालचालीबद्दल थोडंच. नाव हळूच उमटावं म्हणून ड्रॉटेक्स्टचा अल्फा (पारदर्शकता) बदलत नेऊ नका. तो एकेक अक्षराचं चित्र वेगळं उमटवतो, आणि देवनागरीत शिरोरेषा जुळावी म्हणून शेजारची अक्षरं एकमेकांवर किंचित चढलेली असतात. अर्धपारदर्शक रंग त्या जागी दोनदा पडतो आणि शिरोरेषेवर गाठी दिसतात. साध्या पाटीवर उपाय सोपा: पूर्ण भरीव नाव उमटवा आणि फेड फिल्टर पूर्ण पाटीला लावा. चालत्या दृश्यावर असेल तर नाव वेगळ्या पारदर्शक थरावर भरीव उमटवा, फेडमध्ये अल्फाचा पर्याय लावा आणि तो थर ओव्हरलेने वर ठेवा. त्या पारदर्शक थराचा रंग अक्षरांचाच घ्या. पांढऱ्या नावासाठी पारदर्शक पांढरा. पारदर्शक काळा घेतला तर अक्षरांच्या कडांना काजळी धरते.

शेवटी जोडणी. पाट्या आणि मुलांची दृश्यं पुन्हा एन्कोड न करता जोडायची असतील तर सगळ्या तुकड्यांचा आकार, फ्रेम दर, पिक्सेल फॉरमॅट आणि आवाज जुळला पाहिजे. पाटीला आवाज नसतो, म्हणून अनलसोर्सने मूक आवाज द्या. त्याचा मूळ दर ४४१०० आहे आणि कॅमेऱ्याचा बहुधा ४८०००, तेव्हा तो आकडा स्वतः लिहा. नाहीतर पहिल्या पाटीनंतर आवाज आणि चित्र यांची फारकत होते. पाट्यांच्या फाइलींना ००१, ००२ असे तीन आकडी क्रमांक द्या, म्हणजे १०वा २च्या आधी येत नाही.

आज एवढं करा: आवृत्ती बघा, वरच्या आठ शब्दांची एक फ्रेम काढा, आणि यादीतली 'ऱ्य', 'ऱ्ह' असलेली आडनावं वेगळी काढून घरच्यांकडून एकदा तपासून घ्या. ती फ्रेम नीट आली नाही तर आवृत्तीची पहिली ओळ आणि कॉन्फिगरेशनची यादी मला पाठवा, बघून सांगतो.